दादाची तपासणी

“काका, तुमची तारीख पुढच्या वर्षीची आहे ना? आज कसे काय आलात?” हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईंनी अगदी घरच्यासारखं हसून विचारलं.

विचारलं ते थोरल्याला. फॉर्म भरत होता धाकटा. आतड्याचा कॅन्सर निघाला होता तोही धाकट्यालाच. थोरला भाऊ सोबतीला आला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी याच हॉस्पिटलची दिलीय म्हटल्यावर सकाळी त्यानं दुसरीकडे जाऊ म्हणून बरीच खळखळ केली होती. बाईंची काहीतरी गल्लत झाली असं वाटून धाकट्यानं सांगितलं, पेशंट मी आहे. तर त्या भल्या बाई कौतुकच करायला लागल्या. म्हणाल्या, यांना आम्ही सगळे ओळखतो, दर तीन वर्षांनी न चुकता दुर्बिणीची तपासणी करून घेतात, असे पुरुष शोधून सापडत नाहीत. मागे दोनदा बारीक गाठी निघाल्या, त्या तिथल्या तिथे काढल्या, म्हणून तर बघा कसे ठणठणीत आहेत.

थोरल्यानं मान खाली घातली ती वर काढेना.

दोघं शिंपी. एकाच टेबलाशी सत्तावीस वर्षं काढलेली; थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. दर तीन वर्षांनी थोरला अस्तराचं कापड बघायला म्हणून दोन दिवस बाहेरगावी जायचा. कापड कधी यायचं नाही. भाव पटला नाही असं दादा म्हणाला की विषय संपला. दादावर संशय घेता येतो हे त्या खुळ्याला माहीतच नव्हतं.

बाकावर बसल्यावर थोरल्यानं एकेक करून सगळं ओकलं. बाबा काविळीनं गेले नव्हते. त्यांनाही हेच झालं होतं. हे रक्तातून पुढे येऊ शकतं, दोन्ही मुलांनी वेळच्या वेळी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. पण थोरल्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. घराण्यात असलं काही आहे म्हटल्यावर उंबरा कोण चढणार? म्हणून तो गप्प बसला. पुढे मुली सासरी नांदायला गेल्या, मग इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं सांगायचं म्हणून पुन्हा गप्प बसला. स्वतः मात्र तपासून घेत राहिला. वा रे दादा!

“मी म्हणालो होतो तुला,” थोरला म्हणाला. “चाळिशी झाली, एकदा दाखवून घे.”

“म्हणाला होतास. का, ते नाही म्हणालास.”

म्हणाला होता खरा. कात्री चालवता चालवता, वर न बघता. धाकट्यानं ते हसण्यावारी नेलं होतं, मला काय धाड भरलीय म्हणून. बायको मागे लागली तेव्हा तिलाही तेच ऐकवलं. रक्त पडायला लागलं तरी मूळव्याध असेल म्हणून आठ महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. चूक त्याचीही होतीच. पण बाबांचं खरं कळलं असतं तर तो त्याच दिवशी धावत इथे आला असता.

आजार कळला त्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं वाईट त्याला आता वाटत होतं. ज्याच्या भरवशावर जन्मभर निर्धास्त राहिलो त्यानंच केसानं गळा कापला, आणि वर बाकावर शेजारी बसून पाणी हवंय का विचारतोय.

त्यानं मुलाला लावायला फोन काढला, तसा थोरल्यानं त्याचा हात धरला.

“थांब जरा. पोराचं अजून लग्न व्हायचंय. कशाला बोभाटा करतोस?”

धाकट्यानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग हात सोडवला आणि फोन लावला.

“उद्या कामावर जाऊ नकोस, हॉस्पिटलमध्ये ये,” तो मुलाला म्हणाला. आवाज अगदी रोजचा. “तुझ्या तपासणीची तारीख घ्यायचीय. आदल्या दिवशी काय खायचं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, ते सगळं तुझ्या काकाला विचार. त्याला पाठ आहे.”