पुढचं घर

वस्तीतली मरियामाता दर शनिवारी घर बदलायची. जिच्या घरी आठवडाभर मुक्काम असेल, त्या बाईने मूर्ती छातीशी धरून शेजारच्या दारी पोचवायची. पण रेमीच्या नवऱ्याला ड्रग्जवाला म्हणून पोलिसांनी गोळी घातली, आणि तेव्हापासून मूर्ती तिचं दार टाळून जाऊ लागली. दोन वर्षं प्रत्येक फेरीला रेमी मूर्तीसाठी फळ्या पुसून, मेणबत्ती लावून दारात उभी राही. बायका मान खाली घालून पुढे जात.

या खेपेला म्हातारी इस्कांग मावशी थांबली.

"घे गं. माता कुठे टाळत होती तुला? आम्हीच मेल्या तिला पुढे पळवत होतो."

आठवडाभर रेमी मूर्तीच्या पायाशी पडून रडली. शनिवारी तिने मूर्ती उचलली. पुढचं घर चोलेंगचं. पोलिसांना रेमीच्या नवऱ्याचं नाव सांगणारी हीच.

रेमी मान खाली घालून तिच्या दारावरून निघाली.

"जा बाई, जा," आतून चोलेंग म्हणाली. "मला सवय झालीय."

रेमीने वळून पाहिलं. फळ्या पुसलेल्या होत्या. मेणबत्ती अर्धी जळून गेली होती. चुगली केल्यापासून दोन वर्षं या दाराशीही कुणीच थांबलं नव्हतं.

रेमी दोन पावलं मागे येऊन दारात उभी राहिली.

"बघत काय उभी राहिलीस?" ती दातओठ खात म्हणाली. "धर हिला. मला एकटीला नाही पेलवत."