सरांचे शब्द

"सरांची शेवटची इच्छा होती की रेणूने आमच्या संघाशी करार करावा," हॉकी लीगमधल्या संघाचे व्यवस्थापक म्हणाले. बाबांच्या फोटोला हार घालून त्यांना दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि करारपत्र लाडवांच्या ताटलीशेजारी आलं होतं.

"काहीतरीच काय!" जिल्हा संघटनेचे सचिव तेराव्याचा लाडू फोडता फोडता थांबले. "सर माझा हात धरून म्हणाले, पोरीला अजून दोन वर्षं ज्युनिअरमध्येच ठेवा. आपल्याला पदकं हवीत."

मी ऐकत होते. पक्षाघातानंतर बाबा चार महिने अंथरुणावर होते आणि त्या चार महिन्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. त्यांना पाणी हवंय की कूस बदलायचीय, हे डोळ्यांवरून ओळखणाऱ्या आम्ही दोघीच. मी, आणि आता दाराशी बसलेली त्यांची ही सतरा वर्षांची हॉकीची विद्यार्थिनी, रेणू. हे दोघे गृहस्थ आमच्या घरी आजच प्रथम आले होते.

रेणू माझ्याकडे वळली. "ताई, सर खरंच असं काही म्हणाले असते?"

खोटं बोलायची तिसरी पाळी माझी होती. "मला नाही माहीत गं. तुला काय वाटतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं.

"माझा रिव्हर्स फटका अजून कच्चा आहे," ती म्हणाली. "एक वर्ष ज्युनिअरच खेळते. मग बघू."

व्यवस्थापकांनी करारपत्र उचललं. सचिवांनी फोटोकडे पाहून भक्तिभावाने हात जोडले.

"एकच वर्ष! अगदी हेच शब्द होते सरांचे."