डाव्या खांद्यावर

राज्यस्पर्धा गाजवलेल्या कुंदाताईंची परदेशातून मागवलेली एअर रायफल कपाटावर पडून होती. उजव्या खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यावर भार द्यायला साफ मनाई केली होती. नेमबाजी सुटली आणि ताई घरात गप्पगप्प राहू लागल्या.

रविवारी दुपारी त्या झोपून उठल्या, तर पडवीभर लाकडाचा भुसा. त्यांचे यजमान विश्वासराव रायफलचा लाकडी दस्ता मांडीवर घेऊन कानशीने घासत बसले होते.

"अहो, काय करताय हे? एवढी महागाची वस्तू."

"गाल टेकायची बाजू बदलतोय. आता डावीकडून मार."

"या वयात डाव्या खांद्यावर नव्यानं शिकू?"

"लावून तर बघ."

ताईंनी रायफल डाव्या खांद्याला लावली. गाल टेकला, पण नजर नेम धरायच्या छिद्राच्या वर राहत होती.

"अजून थोडं घासा," त्या नकळत म्हणाल्या.

ऊन कलेपर्यंत घासणं चाललं. मग परसातल्या भिंतीवर टांगलेल्या कागदाचा काळा ठिपका छिद्रात नेमका मधोमध आला. ताईंनी श्वास रोखून चाप ओढला. छर्रा कागद सोडून भिंतीवर आपटला.

"चुकला," विश्वासराव हळूच म्हणाले.

"चुकू दे. दुसरा द्या," म्हणत कुंदाताई कित्येक महिन्यांनी मोकळं हसल्या.