ओपन फिल्टर

मंचरच्या गॅरेजवाल्यानं दोन एअर फिल्टर अमृतच्या पुढ्यात ठेवले. "हा बंद डब्यातला, अजिबात आवाज न्हाई. आन् हा ओपन. गाडी जुनी आसली तरी बिबट्यावानी गुरगुरंल, राव!"

अमृतनं हसत हसत ओपन उचलला.

राजुरीला त्याचं घर उसाला अगदी लागून. दिवस कलला की पप्पांच्या गाडीचा आवाज आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, हा नियम त्यानंच लेकीला, समृद्धीला, घालून दिलेला. नव्या फिल्टरनं तर तिचं काम सोपंच झालं. गाडी उसाच्या वळणावर असतानाच गुरगुर ऐकू यायची आणि पोरगी कडी काढायला धावायची.

महिन्याभरानं फिल्टर साफ करायला तो पुन्हा त्याच गॅरेजात आला. बॉनेट उघडं होतं, फिल्टर काढून ठेवलेला, इंजिन गार. बाहेर अंधारून यायला लागलं, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

 

"अवो, संगती कुणी हाय का? चहा टाकतीय. आत्ताच वळणावर तुमच्या गाडीचा आवाज आला. समू गेली बी पळत, फाटक उघडाया."