गर्दी पुसलेला फोटो

फोटोग्राफर सरांना फोटो दाखवायचा म्हणजे मन घट्ट करावं लागे. मागच्या आठवड्यात शेजारच्या नर्सनं हौसेनं काढलेला चौकाचा फोटो आणला, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "गर्दी फार. शटर बराच वेळ उघडं ठेव. हलणारी माणसं पुसली जातात." आज तिनं नवा फोटो पुढे केला. चौक ओस होता. फक्त बाकावर एक पाठमोरी बाई बसली होती. "शाब्बास! पण हिला इतकं स्तब्ध बसवलंस कसं?" नर्स चपापली. "बाकावर कुणीच नव्हतं, सर." सरांनी भिंग डोळ्याला लावलं. करड्या स्वेटरच्या कोपरावरचं निळं वेडंवाकडं रफू त्यांनीच केलं होतं. बायकोला त्याच स्वेटरसकट स्मशानात पोचवून आले होते. "उद्या पुन्हा काढ," ते म्हणाले. "मी तिच्या शेजारी बसतो. हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेव, मी हलणार नाही."