विमान छोटं आहे

आफ्रिकेच्या वाळवंटातली सफारी एवढ्याशा विमानातून होती, म्हणून बुकिंग करणारी मुलगी माणसांचं आणि सामानाचं वजन आधीच विचारून ठेवायची. काकूंनी स्वतःचं एकदाच सांगितलं, पण काकांचं कमी करायला त्यांचा दर महिन्याला फोन यायचा.

"काकांनी डाएट भलतंच मनावर घेतलंय! नाहीतर मी, मेलं नुसतं पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं," मुलगी खिदळायची. काकू "हो ना" म्हणून फोन ठेवायच्या.

निघायच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. "बोला काकू, आता किती भरले काका?" तिने हसतच विचारलं.



"कलशासकट तीन किलो. आता ह्यांना माणसांत नको गं धरू, माझ्या सामानात धर."