नवऱ्याची गाडी

"ही गाडी आत येणार नाही." फाटकावरच्या स्पिरोनं हात आडवा केला, मग वाकून काचेतून पाहिलं. "अगं लॉरेन, तू?"

रंगाच्या प्रयोगशाळेत नळ्या धुण्यापासून वर चढत आलेली लॉरेन पॅस्को आज टॉरेन्स मोटर्सची प्रमुख म्हणून पहिल्यांदा कामावर येत होती. आणि आली होती नवऱ्याच्या गाडीतून. ती प्रतिस्पर्धी कंपनीची. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या या कारखान्यात असली गाडी रस्त्यापलीकडच्या माळावर लावून चालत आत यावं लागे, आणि चालणाऱ्याची सगळे टर उडवत.

"तुझी कुठाय?"

"घरी."

"सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणून सांग. पहिलाच दिवस आहे तुझा."

मागून हॉर्न वाजला. कुणीतरी ओरडलं, "बाई, कारखाना चुकलात!"

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा; थंडीनं माळावरचं गवत कडक झालं होतं. ते तुडवत लॉरेन आत आली. वेल्डिंगच्या शेडमधून शिट्ट्या आल्या. आजच हसं झालं तर ही माणसं पुढं आपलं ऐकणार नाहीत, हे तिला कळत होतं. सर्व्हिसिंगची थाप चांगली होती. जिना चढताना तिनं ती मनातल्या मनात म्हणून पाहिली.

विभागप्रमुख खिडकीशी उभे होते. ती दिसताच सगळे घाईघाईनं खुर्च्यांवर बसले.

"माझी गाडी," लॉरेन म्हणाली, "म्हणजे आपली, नवी कोरी, आज सकाळी सुरूच झाली नाही."

विक्रीप्रमुख क्लाइव्हनं कप खाली ठेवला. "माझीही थंडीत रुसते. मी रात्री उतारावर लावतो."

"माझी बायको ढकलते," हिशेबखात्याचा डेस्मंड म्हणाला. "शेजारी ते बघायला लवकर उठतात."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"आधीच्या साहेबांना ड्रायव्हर होता," क्लाइव्ह म्हणाला. " त्यांना गाडी सुरूच मिळायची. त्यांना कोण सांगणार?"

हशा पिकला. लॉरेनही हसली. गप्प होता तो फक्त गुणवत्ता तपासणीचा प्रमुख रोलंड. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी सायकलनं येतो," तो म्हणाला.

"ते माहितीये रे," डेस्मंड म्हणाला. " तुला डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

रोलंडचे कान लाल झाले.

"डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नाही," तो म्हणाला.